बाईचा काठ आणि माझी फाईल

ये वं, अशी जवळ ये. तो फोन जरा उलटा ठेव आणि हे वाच. दर वेळी तुझं एकच, 'मावशी, आता मीटिंग आहे, नंतर बोलते.' तुझं ते नंतर काही येत नाही. आईच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरलीस आणि तेव्हापासून माझ्याशी पाहुण्यासारखी बोलतेस. तब्येत कशी आहे, गोळी घेतली का, बस. अगं, माझ्या पाठीवर बसून सगळी आळी फिरायचीस तू. रागावली असशील तर भांड, फोन आपट, पण असं गोड बोलू नकोस. ते जास्त लागतं.

आणि रागवायला तुला कारण आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर लिहायला बसले. शाळा माझी दहावीपर्यंतची, पुढचं सगळं हाताला लागेल तसं शिकले, तेव्हा लिहिणं माझं बोलण्यासारखंच होणार. एकातून दुसरं निघेल. सोडून मात्र देऊ नकोस.

त्या दिवशी तुझ्या आईला, माझ्या बाईला, न्यायच्या आधी मी पेटीतून सराट्याच्या काठाची साडी काढली. माहेरची साडी अंगावर घालायची असते आणि माहेरचं म्हणून मीच उरले होते. तू माझं मनगट धरलंस. 'मावशी, ही नको ना. ही एकच राहिली आहे.' मी काय म्हटलं ते तुला आठवतं, मलाही आठवतं. मी म्हटलं, 'अगं, काठ कुठे जातो? सगळा माझ्या फाईलमध्ये आहे.' तू हात सोडलास. साडी गेली.

सगळा नव्हता. माझ्या फाईलमध्ये तो काठ अर्धाच होता. तेव्हा मला ते कळलं नव्हतं, पण कळायला हवं होतं, कारण बाईने स्वतः मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. कसं ते सांगते. थोडं तुला माहीत असेल, तरी पहिल्यापासून ऐक.

आमच्या घरी मुलगा नव्हता. आम्ही दोघी, मी धाकटी. थोरलीला, म्हणजे तुझ्या आईला, मी जन्मभर बाईच म्हणत आले. बाबांचा हातमाग होता. त्यांचं कंबरेचं दुखणं वाढलं तेव्हा त्यांनी चौदा वर्षांच्या बाईला मागावर बसवलं. आळीतले लोक बोलले, पोरीच्या जातीनं कांड्या भराव्या, माग तिचं काम नाही. बाबा म्हणाले, 'मागाले काय माहीत कोण बसलं ते?' आणि बाई बसली ती बसलीच. कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायला मी होते. मला मागावर बसायची हौस कधीच नव्हती, मला वहीत ओळी आखायला आवडायचं.

सराटा म्हणजे रानातला तो काटेरी गोळा, अनवाणी पायात घुसतो तो. त्याचा काठ आमच्या घरचा. दुसऱ्या कोणाच्या घरी मी पाहिला नाही. मागाच्या डोक्यावर लाकडाचं एक यंत्र बसवलेलं असायचं, त्याला सगळे डॉबी म्हणत. त्यात लाकडी पट्ट्यांची माळ. प्रत्येक पट्टीला सोळा भोकं. भोकात खुंटी ठोकलेली असली की काठाचे तेवढे धागे वर उचलले जायचे, भोक रिकामं असलं की खाली राहायचे. डॉबीची पावडी पायाने दाबली की एक पट्टी पुढे सरकायची आणि नवे धागे उचलायची. सराट्याला अशा अठ्ठेचाळीस पट्ट्या लागत. बाईच्या लग्नात बाबांनी तिला भांडी दिली आणि ती माळही दिली. तुमच्या घरीही माग होताच. मग तू आठवीत असताना तुमचा माग विकला गेला. माळ घेणाऱ्याला नको होती. ती काही दिवस कोनाड्यात पडून होती आणि मग एका हिवाळ्यात आंघोळीच्या बंबात एकेक करून जळाली. तेव्हा कोणालाच त्यात काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, मलाही नाही.

मी शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात लागले होते. तीस वर्षं आलेला माल आणि गेलेला माल रजिस्टरमध्ये लिहिला. शेवटच्या काही वर्षांत तिथे कॉम्प्युटर आला, बाकीचे घाबरले, मला मात्र ते यंत्र फार आवडलं. नोकरी संपल्यावर मी जुना लॅपटॉप घेतला आणि फोनवर हिंदीतले व्हिडिओ पाहून पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकायला लागले. तू हसली होतीस तेव्हा. 'मावशी, या वयात पायथन?' मी म्हटलं, या वयात गुडघे दुखतात, डोकं नाही. खरं सांगू, मला मजा यायची. आपण लिहिलेलं यंत्र निमूट करतं, मधे बोलत नाही, याची मजा. पुढचं सगळं त्या मजेतूनच बिघडलं.

बाई माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिची दृष्टी बरीच गेली होती. उजेड कळायचा, माणूस कळायचा, भाजीतला खडा कळायचा नाही. दुपारी ती खिडकीशी खाटेवर बसायची आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन. एकदा अशीच बसलेली असताना ती म्हणाली, 'सराट्याचा काठ आता कोणालेच येत नाही वं. एकदा मागावर चढलेला पाहाले भेटला असता तं बरं झालं असतं.'

मी म्हटलं, 'तुले आठवते का पट्ट्या?'

'नाही आठवाले काय झालं? वीस वर्षं हातानं ठोकल्या.'

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अठ्ठेचाळीस ओळी, सोळा रकाने, प्रत्येक घरात एक तर खुंटी नाही तर काही नाही. हा तर तक्ता झाला! व्हिडिओतला माणूस तेच तर शिकवत होता, तक्ता फाईलमध्ये कसा लिहायचा. दोन घरांच्या मधे स्वल्पविराम, ओळ संपली की नवी ओळ, झाली फाईल. ती कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते, कोणालाही पाठवता येते. मी बाईला म्हटलं, तू सांग, मी लिहिते. तुझा काठ कुठे जात नाही आता.

ती भिंतीला टेकायची, डोळे मिटायची आणि खाटेच्या लाकडावरून बोटं सरकवत जायची. जशी काही पट्टी तिथेच आहे. 'खुंटी, खुंटी, रिकामं, रिकामं, खुंटी...' मी खुंटीला एक, रिकाम्याला शून्य लिहायची. पहिल्या दिवशी बारा पट्ट्या झाल्या. मी मोठ्या तोऱ्यात फाईल उघडली आणि लॅपटॉप तिच्या नाकाला लावला.

'हे काय वं? एकच पट्टी दिसून राहिली.'

'बारा आहेत त्यात.'

'बारा पट्ट्या एका रांगेत? एवढी लांब पट्टी कोणता सुतार करून देईन तुले? आणि माग काय वाडीपासून सदरपर्यंत मांडशीन?'

पाहते तर खरंच. पट्टी संपल्यावर नवी ओळ सुरू कर, हे मी यंत्राला सांगितलंच नव्हतं. त्याने बापडं सगळं एकापुढे एक लिहीत नेलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण खिडकीतून डोकावली. बाई तिला म्हणाली, 'आमची हे भैताड झाली. काँप्युटरवर रस्ता बांधून राहिली.'

ती चूक गोड होती. पुढची तशी नव्हती.

फाईल उघडताना यंत्राला सांगावं लागतं की कशासाठी उघडतो आहोत. डब्ल्यू असं अक्षर दिलं की ते आधीचं सगळं पुसून कोऱ्या फाईलवर लिहायला लागतं. ए दिलं की आधीचं ठेवून खाली जोडत जातं. व्हिडिओत डब्ल्यू होतं, म्हणून मीही डब्ल्यू दिलं. रोज बारा पट्ट्या सांगून व्हायच्या, मी रोज प्रोग्राम चालवायची, आणि तो रोज इमानेइतबारे कालच्या पट्ट्या पुसायचा. चार दिवसांनी अठ्ठेचाळीस पुऱ्या झाल्या म्हणून फाईल उघडली, तर आत बारा. फक्त शेवटच्या.

मला रडू आलं. बाईला सांगायची हिंमत होईना, तिने त्या चार दिवसांत डोकं दुखेपर्यंत आठवलं होतं. शेवटी सांगितलं. तिने खाटेच्या लाकडावरची बोटं परत पहिल्या टोकाला नेली. मग म्हणाली, 'मागावर धागा तुटला तं आपण रडत बसत होतो का? गाठ मारून पुढं जात होतो. घे, पयल्यापासून.'

किती सहज म्हणाली बघ. मी मात्र त्या दिवसापासून कडक झाले. आता चूक होऊ द्यायची नाही, असं ठरवलं. वेळ वाया घालवायचा नाही, इकडचं तिकडचं बोलायचं नाही.

कारण बाई नुसत्या खुंट्या सांगायची नाही. तुला माहीत आहे ती कशी बोलायची ते. एखादी पट्टी आली की थांबायची. 'इथं दोन मार, मंग जरा दम घे, मंग एक.' पुढच्या पट्टीला, 'इथं चार. इथं घाई नको करू, काटा निघून राहिला.' आणि मधेच, 'हे पट्टी बांधताना माय आपल्यावर खेकसली होती, आठवते का? तू कांड्या सांडल्या होत्या सगळ्या.' तरी या दुसऱ्या फेरीचे पहिले दोन दिवस मी ते सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. सोळा घरं झाली की एक स्वल्पविराम आणि त्यापुढे बाईचं बोलणं. आता बोलणं म्हटलं की त्यात स्वल्पविराम आलेच. 'दोन मार, मंग दम घे, मंग एक.' यंत्राला काय कळतं? त्याला स्वल्पविराम दिसला की नवं घर. एका ओळीत सतरा घरं झाली, एकीत एकोणीस, एकीत बावीस. काठाचं चित्र काळ्या चौकोनांत पडद्यावर काढायचा जो प्रोग्राम मी आठवडाभर खपून लिहिला होता, तो तिसऱ्याच ओळीवर अडून बसला.

मी बाईचं बोलणं पुसून टाकलं. ओळीमागून ओळ, सतराव्या घरापासून पुढचं सगळं.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, 'बाई, तू फक्त खुंटी आणि रिकामं सांग. बाकी काही नको.'

'काहून?'

'मशीनले नाही समजत.'

'मशीनले नाही समजत तं नाही समजत. तुले तं समजते नं?'

'मले समजून काय करू? फाईल बिघडते माही.'

तिने तोंड माझ्याकडे वळवलं. दिसत नव्हतं तिला, तरी वळवलं. 'बरं,' म्हणाली. 'तुही फाईल.'

त्यानंतर ती शहाण्या पोरीसारखी वागली. मधूनच ओठावर काही यायचं. 'इथं माय अशी...' म्हणायची, आणि मग स्वतःच मान हलवायची. 'नाही नाही. फाईल बिघडन. खुंटी, खुंटी, रिकामं.' मला बरं वाटायचं, काम भरभर होतं आहे म्हणून. एका दुपारी वीस-वीस पट्ट्या व्हायला लागल्या. खाटेवर बसलेली माझी बहीण आणि तिच्या तोंडून दोनच शब्द. लिहिताना आता मला ते दिसतं, तेव्हा मी पडद्याकडे पाहत होते.

तीस वर्षं मी वाडीला रजिस्टर लिहिलं ना? त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. पेटी ओली आहे, गोणी एका बाजूने फाटलेली, नग उतरवताना आदळला. ट्रकवाला नेहमी म्हणायचा, मॅडम, ते काहून लिहिता, नग मोजा आणि सोडा. मी कधी सोडलं नाही. परक्याच्या गोणीवरचा शेरा मी तीस वर्षं लिहिला आणि सख्ख्या बहिणीचा पुसला.

पुरा झाला काठ. अठ्ठेचाळीस ओळी, प्रत्येक ओळीत सोळा घरं, एक कमी नाही की जास्त नाही. माझ्या प्रोग्रामने चित्र काढलं. काळ्या चौकोनांचे सराटे, एकाशेजारी एक. मी बाईचं बोट धरून पडद्यावर फिरवलं आणि तिने डोळे अगदी काचेला लावून पाहिलं.

'हो,' म्हणाली. 'हाच.' मग म्हणाली, 'पण चपटा दिसते वं.'

'स्क्रीनवर तसंच दिसते, बाई.'

'असन बापा.'

एवढंच. तिने मला सांगितलं होतं, पोरी. चपटा दिसते. चाळीस वर्षांपूर्वी विणलेला काठ, अर्धी आंधळी बाई, आणि तिला दिसलं. मला धडधाकट डोळ्यांनी दिसलं नाही. मी त्या फाईलवर इतकी खूष होते की तुलाही पाठवली. तू अंगठा दाखवणारं चित्र परत पाठवलंस.

मग ती पडली आणि पुढचं तुझ्यासमोरच झालं. तेरवीला तू विचारलंस, 'मावशी, तिचा आवाज तरी फोनवर घेतलास का?' मी म्हटलं, राहून गेलं. तेही पुरतं खरं नाही. राहून गेलं नव्हतं, मला सुचलं होतं. मला वाटलं, नुसता आवाज कोण ऐकत बसणार, माझी फाईल त्याहून पक्की. गर्व होता मला. आपलं आपण शिकलेल्याला असतो तसा, जरा जास्तच.

तुला न सांगता मी एक काम करत होते. वाटलं, वर्षश्राद्धाला तू येशील तेव्हा तुझ्या हातात सराट्याच्या काठाचं नवं कापड ठेवीन. म्हणजे तुझ्या मनातली ती साडी थोडी तरी भरून निघेल. शोधत शोधत उमरेडला एक विणकर सापडला. पन्नाशीचा आहे, अजून डॉबीचा माग चालवतो, मुलं दुसऱ्या कामाला लागली. मी फाईलचा कागद काढून नेला. त्याने कागद उलटापालटा केला आणि म्हणाला, 'वा ताई! एवढं साफ तं आम्हाले कोणी कधीच देल्लं नाही.' मी फुगले. त्याने पट्ट्या ठोकल्या, उभ्या धाग्यांचा ताणा चढवला, आणि आठ दिवसांनी मला बोलावलं.

वीतभर विणलं होतं. त्याने बोटाने दाखवलं. 'ताई, राग नका मानू. हा सराटा आहे का थापलेली गोवरी?'

चपटा. काटे आखूड, पोट पसरलेलं, सगळं एकमेकांवर बसलेलं.

'खुंट्या चुकल्या का?' मी विचारलं.

'खुंट्या बरोबर आहेत. एका पट्टीवर धोटे किती मारायचे?'

मला समजलं नाही. मग त्याने मागावर बसून दाखवलं. पट्टी धागे उचलून धरते, तोवर धोटा इकडून तिकडे किती वेळा फेकायचा हे विणणाऱ्याच्या मनावर. एकदा फेकला की नक्षी तिथे आखूड, चारदा फेकला की लांब. पट्टी नक्षी देते, लांबी देतो तो हात आणि पाय. त्याने सगळीकडे एकेकच मारला होता, कारण कागदावर दुसरं काही नव्हतं. 'इथं दोन असन, इथं चार, कुठं तीन. ज्यानं सांगितलं त्याले माहीत असन. विचारा नं त्याले.'

मी मागाच्या कडेला बसले. इथं दोन मार, मंग दम घे, मंग एक. इथं चार, काटा निघून राहिला. गप्पा नव्हत्या त्या. काठाचा दुसरा अर्धा भाग होता तो, आणि ती दोन-दोनदा सांगत होती, एकदा हरवल्यावर परत सांगत होती, आणि मी म्हटलं, मशीनले नाही समजत.

तो म्हणाला, 'जुनं लुगडं असन तं आणा. वीतभर तुकडा पुरते, मोजून घेतो मी.'

'नाही आहे,' मी म्हटलं. कुठे गेलं, ते माझ्या तोंडून निघालं नाही. तू माझं मनगट धरलं होतंस ते मात्र तिथे बसल्या बसल्या जाणवलं, अगदी ज्या जागी धरलं होतंस त्याच जागी.

त्याने अंदाजाने आणखी तीनदा विणून पाहिलं, तीनदा उसवलं. एकदा सराटा काकडीसारखा लांब झाला. अठ्ठेचाळीस पट्ट्या आहेत, प्रत्येकीचा आकडा वेगळा, अंदाज करून करून किती करणार?

घरी आल्यावर मी दोन दिवस लॅपटॉपला हात लावला नाही. मग शोधायला लागले की मी काय करायला हवं होतं. तर अगं, उत्तर किती सोपं. पायथनमध्ये या फाईली लिहायचं आयतं साधन आहे. आपण हाताने स्वल्पविराम चिकटवत बसायचंच नसतं. आपण ओळीतली घरं त्याच्या हातात द्यायची, त्यात बोलणं असलं, बोलण्यात पन्नास स्वल्पविराम असले, तरी ते बोलण्याच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावतं आणि सगळं एकाच घरात नीट बसवतं. परत वाचतानाही ते तसंच वाचतं. माझा प्रोग्राम सुखाने सोळा घरं घेऊन चित्र काढत बसला असता आणि सतराव्या घरात बाई बोलत राहिली असती. चार ओळींचं काम होतं. मी व्हिडिओचा पुढचा भाग पाहिलाच नव्हता, मला येतं असं वाटलं म्हणून.

आता केला आहे मी तो सतरावा रकाना. आठवून आठवून भरायला बसले. किती भरला, सांगू? तीन पट्ट्या. तिसरी, चौथी आणि ती कांड्या सांडल्याची. तिला आकडा नव्हता, नुसतीच मायची गोष्ट होती, तरी लिहिली. बाकीच्या पंचेचाळीस ओळींपुढे काही नाही. पट्टीतलं रिकामं भोक वेगळं, तिथे धागा खाली राहायचा असतो, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. हे तसं नाही.

परवा उमरेडवाल्याला सांगायला गेले की ताणा सोड, माझ्याच्याने होत नाही. तो म्हणाला, 'ताई, तिच्या मागाजवळ कोणी बसत होतं का? लेकरू, कोणीही? आकडा नाही आठवत माणसाले. पण मागाचा आवाज कानात राहते. समोर बसवून पाहा.'

मी म्हणणार होते, कोणी नाही. आणि मला शाळेतून आलेली ती चिठ्ठी आठवली. तू तिसरीत होतीस. बाईला वाचता यायचं नाही फारसं, म्हणून मी वाचून दाखवली होती. मुलगी वर्गात सारखी बाकावर बोटं वाजवते, सांगून ऐकत नाही. बाई हसून हसून लोळली. म्हणाली, 'माह्या मागाजवळ बसून अभ्यास करते नं, सराटा वाजवत असन.' तुला रागे भरायचं सोडून तिने तुला मागाशी बसवलं आणि म्हणाली, वाजव. आणि तू मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्याच्या कडेला बसून वाजवलंस. मी स्वतः पाहिलं. तिचा धोटा आणि तुझी बोटं बरोबर चालत होती.

तुला आठवतं की नाही, मला माहीत नाही. कदाचित तुझ्या बोटांतून ते केव्हाच गेलं असेल, तू दिवसभर दुसरंच काही वाजवतेस त्या कीबोर्डवर. गेलं असेल तर गेलं. मी तुला काठ वाचवायला बोलावत नाही, म्हणजे बोलावते आहे, पण तेवढ्यासाठीच नाही. मला तुझ्यासमोर बसून म्हणायचं आहे की तू बरोबर होतीस, साडी ठेवायला हवी होती. ते फोनवर म्हणता येत नाही. तू मधेच म्हणशील, 'जाऊ दे ना मावशी', आणि पुन्हा विचारशील, गोळी घेतली का.

तो विणकर पुढचा ताणा चढवेपर्यंत हा ठेवतो म्हणाला आहे. जास्त दिवस नाही थांबणार तो, त्यालाही पोट आहे. तेव्हा सुटी मिळते का पाहा. शुक्रवारी निघालीस तर शनिवारी सकाळी पोचतेस. मी गोळाभात करते, वरून तेल-हिंगाची फोडणी, तुला आवडते तशी. रविवारी बसने उमरेडला जाऊ. तू मागाजवळ बस, वाटलं तर बोटं वाजव, वाटलं तर आईबद्दल काहीही बोल, जे आठवेल ते, कामाचं, बिनकामाचं. मी मधे बोलणार नाही. ये वं, लवकर ये.